गैरहजेरीची चित्रफीत

जॉन डीकनचे ओठ हलतात, पण तो गात नाही. त्याच्या शेजारी ब्रायन मे आणि रॉजर टेलर आहेत, तेही गात नाहीत. काळ्याकुट्ट अंधारात चार चेहरे पत्त्यातल्या चौकटसारखे मांडलेत. उजेड फक्त वरून, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत सावल्या. चौघांचे ओठ एका वेळी उघडतात, एका वेळी मिटतात. ऐकू येणारा तो पाच पदरी सूर मात्र सगळाच्या सगळा फ्रेडी मर्क्युरीचा आहे. स्वतःच्याच आवाजावर आवाज चढवत त्याने तो एकट्याने ध्वनिमुद्रित केला होता.

क्वीन या ब्रिटिश बँडच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ची १९७५ सालची चित्रफीत सुरू होते ती अशी. रॉक संगीतात हिच्याइतकी नावाजलेली दुसरी चित्रफीत शोधावी लागेल, आणि तिचं पहिलं दृश्यच खोटं आहे.

आपल्याला यात वावगं वाटायचं कारण नाही. पडद्यावर नर्गिस आणि गळा लताबाईंचा, याचं बाळकडूच आपल्याला मिळालेलं. मुंबई दूरदर्शनवर 'छायागीत' लागलं की ज्या घरात टीव्ही असेल तिथे अर्धी चाळ जमायची, ती ओठ हलवणारी माणसं बघायलाच. पण त्या काळच्या ब्रिटनमध्ये ओठ हलवणं हा नाजूक विषय होता. त्यावर वादक-गायकांच्या संघटनेचे नियम होते, भांडणं होती. क्वीनची चित्रफीत मुळात का निघाली हे समजायचं तर आधी हा नाजूकपणा समजून घ्यावा लागतो. कारण नवी कला जन्माला घालू या म्हणून त्या दिवशी कुणीही स्टुडिओत गेलं नव्हतं. चौघांना एका गुरुवारी एका ठिकाणी हजर राहायचं नव्हतं, एवढंच.

*

१९७५ च्या उन्हाळ्यात क्वीन हा नावाजलेला आणि कफल्लक बँड होता. आदल्या वर्षी 'किलर क्वीन' हे त्यांचं गाणं ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. मासिकांच्या मुखपृष्ठांवर चौघे झळकत होते. पण ट्रायडंट या कंपनीशी केलेला करार असा होता की पैसा यायचा तो कंपनीच्या हिशेबात जिरायचा. डीकनचं नुकतंच लग्न झालेलं. घराच्या अनामत रकमेसाठी त्याने ४,००० पौंड मागितले, तर नकार मिळाला. टेलरला म्हणे बजावून ठेवलं होतं की ड्रम जरा हलक्या हाताने वाजव, मोडलेल्या काड्यांच्या जागी नव्या आणायला पैसे नाहीत. अखेर त्या उन्हाळ्यात काडीमोड झाला आणि एल्टन जॉनचा व्यवस्थापक जॉन रीड याने क्वीनची सूत्रं हाती घेतली. तुम्ही फक्त चांगली रेकॉर्ड काढा, बाकीचं मी बघतो, असा एकूण नूर होता.

ती रेकॉर्ड म्हणजे 'अ नाइट ॲट दी ऑपेरा'. ब्रिटनमध्ये तोवर निघालेल्या अल्बमांत सर्वांत महागडा हाच, असं म्हटलं जातं. तिच्यातल्या एका गाण्याचं काम ऑगस्टच्या अखेरीस वेल्समधल्या मॉनमथजवळच्या रॉकफिल्ड स्टुडिओत सुरू झालं. रॉकफिल्ड म्हणजे मुळात शेतवाडी. तिथेच राहायचं, तिथेच खायचं आणि मधल्या वेळात वाजवायचं.

निर्माता रॉय थॉमस बेकर एक किस्सा सांगायचा. फ्रेडीने आपल्या घरी त्याला पियानोवर गाण्याची सुरुवात वाजवून दाखवली. वाजवता वाजवता थांबला आणि म्हणाला की, इथे ऑपेरा येणार. मग दोघे जेवायला बाहेर पडले. ऑपेरा येणार म्हणजे नेमकं काय येणार, हे तेव्हा एकट्या फ्रेडीला ठाऊक होतं. कदाचित त्यालाही पुरतं ठाऊक नसेल.

आलं ते असं. मर्क्युरी, मे आणि टेलर हे तिघे दिवसाचे दहा-बारा तास नुसते गात बसायचे. बेकरकडे चोवीस ट्रॅकची टेप होती. आज आपल्याला हा आकडा हास्यास्पद वाटेल, फोनमधल्या ॲपमध्येही याहून जास्त मिळतात. तेव्हा मात्र हीच श्रीमंती होती, आणि फ्रेडीला तीही पुरेना. मग जुनी युक्ती: काही ट्रॅक आवाजांनी भरायचे, ते मिसळून एका-दोन ट्रॅकवर उतरवायचे, रिकामे झालेले पुन्हा भरायचे, पुन्हा उतरवायचे. दर उतरवणीला मूळ आवाज एक पायरी दूर जातो आणि खरखर एक पायरी जवळ येते. शिवाय टेपवरचा चुंबकीय लेप यंत्राच्या तोंडावरून हजारदा घासला गेला की झडतो. जवळजवळ १८० वेळा आवाज चढवून झाल्यावर ती टेप उजेडासमोर धरली तर पलीकडचं दिसत होतं. नऊवारी धुऊन धुऊन विरावी तशी ती विरली होती. ऑपेराच्या त्या एका भागाला तीन आठवडे लागले.

तीन गळ्यांतून उभी राहिलेली ही सबंध गायकसभा. यातला कुठलाही भाग चार माणसं चार वाद्यं हातात घेऊन मंचावर गाऊ शकणार नव्हती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

*

गाणं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. रेडिओवर तीन-साडेतीन मिनिटांपलीकडे कुणी वाजवत नसे, त्यामुळे ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने कपाळाला हात लावला. कात्री लावा, असा सल्ला सगळीकडून आला. फ्रेडी हटून बसला. त्याने कॅपिटल रेडिओवरच्या केनी एव्हरेट या विक्षिप्त आणि लाडक्या निवेदक-मित्राला एक प्रत दिली, हे वाजवायचं नाही अशी ताकीद देऊन. ज्याच्या पोटात काही राहत नाही त्याला गुपित सांगावं, असा हा प्रकार. एव्हरेटने आधी तुकडे ऐकवले आणि मग दोन दिवसांत पूर्ण गाणं १४ वेळा लावलं. सोमवारी लोक दुकानांत जाऊन बाजारात न आलेली रेकॉर्ड मागू लागले.

३१ ऑक्टोबरला ती आली. विक्रीच्या यादीत पहिल्या आठवड्यात ४७ वा क्रमांक, मग १७ वा. आता 'टॉप ऑफ द पॉप्स'चं बोलावणं येणार हे उघड होतं.

हा बीबीसीचा गुरुवार संध्याकाळचा कार्यक्रम. ब्रिटनमधली सगळी शाळकरी पोरं तो बघत आणि पुष्कळसे आईबाप नाक मुरडत, पण खोलीतून उठत नसत. चालू यादीतले कलाकार येऊन स्टुडिओत गाणं सादर करायचे, भोवती तरुण मंडळी नाचायची. आणि इथे तो ओठांचा प्रश्न यायचा. रेकॉर्ड लावून नुसते ओठ हलवणं म्हणजे वादकांच्या पोटावर पाय, अशी संगीतकारांच्या संघटनेची ठाम भूमिका होती. त्यामुळे एकतर कार्यक्रमाच्या वाद्यवृंदाबरोबर प्रत्यक्ष गायचं, नाहीतर त्या कार्यक्रमापुरतं गाणं काही तासांत नव्याने ध्वनिमुद्रित करून त्यावर ओठ हलवायचे, अशी व्यवस्था होती. पुष्कळ जण यातून गुपचूप पळवाटा काढत, हा भाग वेगळा. पण ज्या गाण्याचा एक तुकडा करायला तीन आठवडे लागले, ते पुन्हा काही तासांत उभं करा म्हणणं हा निव्वळ विनोद होता. आणि मूळ रेकॉर्डच लावली असती तरी चौघांनी त्या चकचकीत स्टुडिओत, नाचणाऱ्या पोरापोरींच्या घोळक्यात उभं राहून ऑपेराला ओठ हलवायचे? ब्रायन मेने पुढे बरेचदा सांगितलं की आपण त्यात बावळट दिसलो असतो.

वर तारखांची अडचण. १४ नोव्हेंबरला, शुक्रवारी, लिव्हरपूलपासून त्यांचा दौरा सुरू होत होता. गाणं वर वर सरकत असताना ऐन गुरुवारी हे लोक कुठल्या तरी दुसऱ्याच गावी असणार होते.

मग तोडगा निघाला की आपण जाण्याऐवजी आपली टेप पाठवू.

*

तो सोमवार होता, १० नोव्हेंबर. दौऱ्याला चार दिवस उरले होते. लंडनच्या उत्तरेला एल्स्ट्रीच्या स्टुडिओत क्वीनची तालीम चालू होती. मंच उभा होता, दिवे टांगलेले होते, धुराची यंत्रं तयार होती. आज ज्याला सेट म्हणतील तो दौऱ्यासाठी आधीच मांडून झाला होता. फक्त कॅमेरे आणायचे होते.

कॅमेरे आणणारी ओबी व्हॅन ट्रिलियन या कंपनीची होती, आणि ट्रिलियन ही कुणाची उपकंपनी, तर ट्रायडंटची. ज्यांच्याशी तीन महिन्यांपूर्वी तोंड फाडून भांडण झालं, ज्यांच्या नावे शिव्याशापांचं एक अख्खं गाणं नव्या अल्बमच्या पहिल्याच जागी घातलं होतं, त्यांचीच गाडी भाड्याने आणली. धंद्यात असं चालतं. गाडी चांगली होती.

दिग्दर्शक ब्रूस गाउअर्स. त्याने आदल्या वर्षी लंडनच्या रेनबो थिएटरमधली क्वीनची मैफल चित्रित केली होती, त्यामुळे ही माणसं त्याच्या ओळखीची होती. कॅमेऱ्यावर बॅरी डॉड, मंचावरची धावपळ जिम मक्कचनकडे. खर्च साडेचार हजार पौंडांच्या आसपास. चित्रीकरण साधारण चार तासांत उरकलं.

गाउअर्सने नंतर सांगितलं की चर्चेत चौघेही भाग घेत होते, पण पुढारी एकच होता. कोण ते सांगायला नको. फ्रेडीकडे चित्राची नजर होती ती काही योगायोगाने आलेली नव्हती. लंडनच्या ईलिंग आर्ट कॉलेजात तो ग्राफिक डिझाइन शिकला होता. क्वीनचं सिंह-परी-खेकडावालं राजचिन्ह त्याने स्वतः काढलं होतं, चौघांच्या राशी गुंफून. त्याच्याही आधीचा धागा थेट आपल्या घाटमाथ्यावर येतो. झांझिबारच्या पारशी बलसारा कुटुंबातला हा फरोख आठेक वर्षांचा असताना बोटीने मुंबईला आला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहिला. तिथे तो पियानो शिकला. 'फ्रेडी' हे नावही तिथल्याच दोस्तांनी पाडलं. शाळेतल्या पाच पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ते वाजवत. त्यात फ्रेडी पियानोवर असायचा आणि पुढे उभं राहून गाणारा मुलगा दुसराच होता. त्या पाचांतला एक जण पुढे कैक वर्षं पुण्याच्या कॅम्पात सिझलर खिलवत होता. मला हा तपशील उगाचच फार आवडतो.

तर त्या सोमवारी. चित्रफितीची सुरुवात कशी असावी याचं उत्तर त्यांच्याकडे दीड वर्षापासून तयार होतं. १९७४ च्या 'क्वीन टू' या अल्बमच्या मुखपृष्ठासाठी मिक रॉक या छायाचित्रकाराने चौघांचे चेहरे काळ्या पार्श्वभूमीवर टिपले होते, वरून उजेड टाकून, फ्रेडीचे हात छातीवर आडवे ठेवून. तीही कल्पना उसनीच. मार्लेन डीट्रिच या नटीचं 'शांघाय एक्सप्रेस' चित्रपटाच्या वेळचं एक छायाचित्र रॉकला मिळालं होतं, त्यावरून त्याने ती बेतली. १९३२ सालची हॉलिवूडची सावली १९७५ साली एल्स्ट्रीच्या अंधारात पुन्हा पडली, फक्त या खेपेला चेहऱ्यांचे ओठ हलणार होते.

*

आता त्या चित्रफितीतली सर्वांत प्रसिद्ध करामत. ऑपेराच्या भागात एक लांबवलेला इटालियन शब्द येतो. आवाज घुमत घुमत विरत जातो आणि त्याबरोबर फ्रेडीचा चेहराही एकामागून एक, एकामागून एक, असा मागे पळत अंधारात नाहीसा होतो. बघणाऱ्याला वाटतं की हे काम नंतर प्रयोगशाळेत केलं असेल. तसं काही नव्हतं. ते तिथल्या तिथे, चित्रीकरण चालू असतानाच केलं.

जुन्या केशकर्तनालयात समोरासमोर दोन आरसे असतात. मध्ये खुर्चीवर बसलं की आपलं डोकं, त्यामागे आपली मान, त्यामागे पुन्हा डोकं, अशी रांग लागते आणि ती हिरवट होत होत कुठेतरी बुडते. न्हावी मान खाली दाबेपर्यंत लहानपणी मी ती रांग मोजायचा प्रयत्न करत असे. व्हिडिओ कॅमेऱ्यालाही असा आरसा दाखवता येतो. कॅमेरा जे टिपतो ते जोडलेल्या मॉनिटरवर दिसत असतं. आता कॅमेराच त्या मॉनिटरकडे वळवा. कॅमेरा स्वतःनेच टिपलेलं चित्र पुन्हा टिपतो, ते पुन्हा मॉनिटरवर जातं, तो पुन्हा टिपतो. दर फेरीला चित्र जरा लहान होतं, जरा पुसट होतं, जरा सरकतं. माइक लाउडस्पीकरसमोर धरला की जी किंकाळी फुटते, तिचाच हा डोळ्यांना दिसणारा भाऊ. कॅमेरा बोटभर हलवला की रांगेची दिशा बदलते. त्यामुळे हे यंत्राचं काम कमी आणि हाताचं जास्त होतं.

ही करामत फिल्मवर जमलीच नसती. फिल्म कॅमेऱ्यात काय टिपलं गेलं हे फिल्म धुऊन येईपर्यंत कळत नाही. तिथे कॅमेऱ्याला स्वतःकडे बघायची सोय नाही. तोवरच्या बऱ्याचशा गाण्यांच्या चित्रफिती फिल्मवर केलेल्या होत्या. क्वीनने व्हिडिओ टेप वापरली. हातात चार तास, दारात ओबी व्हॅन आणि बीबीसीला टेप हवी म्हणून. वेळ आणि पैसा असता तर त्यांनी कदाचित फिल्मच घेतली असती, आणि मग तो पळता चेहरा राहूनच गेला असता.

ऑपेराच्या भागात एका चेहऱ्याचे अनेक होतात, मधमाश्यांच्या पोळ्यातल्या घरांसारखे एकमेकांना चिकटून. ते भिंगाचं काम. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे पैलू पाडलेली काच बसवली की प्रत्येक पैलूतून तोच चेहरा थोड्या वेगळ्या जागी पडतो. बस्स. आरसेमहालात एक दिवा लावला की हजार दिसतात, त्यातलाच प्रकार.

मला सगळ्यात मोठी गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. रॉकफिल्डमध्ये बेकरने काय केलं होतं? एका गळ्याची प्रत, त्या प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत, आणि टेप विरेपर्यंत हेच. एल्स्ट्रीत काय झालं? एका चेहऱ्याची प्रत, प्रतीची प्रत, आणि चित्र विरेपर्यंत हेच. आवाजाची गर्दी ज्या युक्तीने जमवली त्याच युक्तीने चेहऱ्यांची गर्दी जमवली. आधी कुणी बसून हा मेळ जुळवला असेल असं मला वाटत नाही. चार तासांत इतका विचार होत नाही. पण गाणं आणि चित्र यांची पत्रिका इतकी जुळावी, हे एरवी क्वचितच होतं. आजही कोट्यवधींच्या व्हिडिओंत गाणं एकीकडे आणि चित्र दुसरीकडे, असा काडीमोडाचा संसार आपण बघतोच.

बाकीची चित्रफीत साधी आहे, आणि तिच्यावर फार शब्द खर्च करायची गरज नाही. फ्रेडी पियानोवर, मे गिटारवर, मागे दिवे आणि धूर. ऑपेरा संपून गिटार कडाडते तिथे खरा मंच पुन्हा येतो. शेवटी उघड्या अंगाचा टेलर भल्यामोठ्या घंटेवर टोला हाणतो. संकलन पाच तासांत झालं.

*

२० नोव्हेंबरच्या गुरुवारी 'टॉप ऑफ द पॉप्स'ने ती टेप लावली. गाणं तेव्हा ९ व्या क्रमांकावर होतं. पुढच्या यादीत, २९ नोव्हेंबरला, पहिल्या.

इथे पुष्कळ पुस्तकांत एक वाक्य ठरलेलं असतं: व्हिडिओने गाणं वर नेलं. आकडे बघितले तर हे जरा सैल वाटतं. ४७, १७, ९ हा चढ व्हिडिओ दिसण्याआधीचा आहे. तो एव्हरेटचा, इतर रेडिओंचा आणि खुद्द गाण्याचा. व्हिडिओचं श्रेय दुसरंच आहे, आणि ते कमी नाही. गाणं वर गेल्यावर तिथे टिकलं. सलग नऊ आठवडे ते पहिलं राहिलं, नाताळ त्यातच आला. पहिल्या क्रमांकाचं गाणं दर आठवड्याला दाखवायची कार्यक्रमाची रीत होती. एखादा बँड नऊ गुरुवार येऊन उभा राहिला असता तर पाचव्या खेपेला त्याचा नि बघणाऱ्यांचा, दोघांचाही जीव मेटाकुटीला आला असता. टेप दमत नाही. काही आठवड्यांनी तिची थोडी वेगळी आवृत्तीही काढली, सुरुवातीच्या चेहऱ्यांवर ज्वाळा घालून आणि काही वेगळे कोन वापरून. आणि बँड दौऱ्यावर गावोगाव वाजवत होता.

या चित्रफितीला जगातला पहिला म्युझिक व्हिडिओ म्हणायची पद्धत आहे. ती सोडून द्यावी. बीटल्सनी १९६६ मध्येच 'पेपरबॅक रायटर' आणि 'रेन' या गाण्यांच्या फिती करून टीव्ही केंद्रांना पाठवल्या होत्या, कारण तेच: प्रत्येक ठिकाणी जाणं अशक्य झालं होतं. आणि योगायोग बघा. नऊ आठवड्यांनी क्वीनला पहिल्या जागेवरून कुणी उठवलं? ॲबा या स्वीडिश गटाच्या 'मामा मिया'ने. त्या गाण्याचीही चित्रफीत होती, लासे हालस्ट्रॉमने केलेली, समोरचा चेहरा आणि बाजूचा चेहरा यांचा खेळ असलेली. ऑस्ट्रेलियाच्या टीव्हीवर ती १९७५ च्या ऑगस्टमध्ये दिसली आणि तिथल्या लोकांनी गाण्यासाठी घोशाच लावला. स्वीडनहून ऑस्ट्रेलियाला उठून कोण जाणार, म्हणून ती पाठवलेली. थोडक्यात, गैरहजर मंडळींची जागा दुसऱ्या गैरहजर मंडळींनी घेतली.

मग क्वीनचं नाव का राहिलं? माझ्या मते कारण त्यांच्या टेपमध्ये असं काही होतं जे ते स्टुडिओत आले असते तर दिसलं नसतं. बीटल्स बागेत उभे राहून गातात ते बघताना, हे इथे नाहीत म्हणून फीत बघतोय, अशी जाणीव राहते. तो पळणारा चेहरा बघताना मात्र फ्रेडी स्वतः का आला नाही असं कुणालाही वाटलं नाही. आला असता तर निराशा झाली असती. हा हिशेब कंपन्यांच्या चटकन ध्यानात आला. साडेचार हजार पौंडांत नऊ आठवड्यांची जाहिरात, तीही बीबीसीवर, तीही फुकट. पुढच्या काही वर्षांत अशा फितींसाठी स्वतंत्र तरतूद होऊ लागली, आणि १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं तेव्हा ब्रिटिश बँडांच्या फिती तयारच होत्या. गाउअर्सही अमेरिकेला गेला आणि टीव्हीच्या मोठमोठ्या कार्यक्रमांचा दिग्दर्शक झाला. 'अमेरिकन आयडॉल' त्यातलाच.

*

मंचावर त्या ऑपेराचं काय करायचं, हा प्रश्न मात्र सुटला नव्हता. चित्रफितीने गुरुवारपुरती सोय केली, रोज रात्री तिकीट काढून येणाऱ्यांची नाही. कधी गाण्याचे तुकडे करून ते इतर गाण्यांत मिसळले. पुढे एक पद्धत ठरली: ऑपेरा आला की चौघेही सरळ मंच सोडून आत जायचे. टेप वाजायची, दिवे नाचायचे, रिकाम्या मंचाकडे बघत प्रेक्षक गायचे. गिटारचा भाग आला की प्रकाशाच्या झोतात चौघे परत. इतक्या उघडपणे अनुपस्थित राहणारा बँड विरळा. १३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एड कार्यक्रमात, जगभरचे प्रेक्षक टीव्हीसमोर असताना, फ्रेडीने पियानोवर या गाण्याची फक्त सुरुवात घेतली आणि ऑपेराच्या उंबरठ्यावरून दुसऱ्या गाण्याकडे वळला.

२४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला. गाणं पुन्हा बाजारात आलं आणि ब्रिटनमध्ये पुन्हा पाच आठवडे पहिलं राहिलं. दुसऱ्या वर्षी 'वेन्स वर्ल्ड' या अमेरिकी विनोदी चित्रपटात मोटारीत कोंबलेले काही मित्र त्या गाण्यावर माना झटकू लागले आणि सतरा वर्षांपूर्वीचं गाणं अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसलं. १९७६ मध्ये ते तिथे नवव्याच्या पुढे सरकलं नव्हतं. २०१९ च्या जुलैत यूट्यूबवर त्या चित्रफितीने शंभर कोटींचा आकडा ओलांडला.

डीकन १९९७ नंतर निवृत्त झाला. मे आणि टेलर पुढेही दौरे करत राहिले, गायला ॲडम लँबर्ट असायचा. त्यातली एखादी मैफल डोळ्यांसमोर आणा. शेवटाकडे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' येतं. सुरुवातीचा भाग लँबर्ट गातो, मे आपलं गिटारचं आवर्तन वाजवतो. मग तिघेही आत जातात. मागच्या मोठ्या पडद्यावर काळा अंधार पसरतो आणि त्यात एल्स्ट्रीतल्या त्या सोमवारचे चेहरे उगवतात, डीकनचा चेहराही. पडद्याआड पांढऱ्या केसांचा ब्रायन मे गिटार गळ्यात अडकवून उभा असतो, आपल्याच तरुण चेहऱ्याचं गाणं संपायची वाट बघत.